युद्धकालीन विमानांच्या प्रतिकृति आणि त्यांवरील उन्हापावसाच्या खुणा

प्रतिकृति म्हणजे मूळ वस्तूचें लहान रूप, एवढाच अर्थ आपण साधारणपणें धरतों. पोळ्याला तान्ह्या मुलांच्या हातीं दिला जाणारा लांकडाचा नंदीबैल, दिवाळींत अंगणांत उभा राहणारा मातीचा किल्ला, हीं सर्व लहान रूपेंच होत. परंतु ज्या छंदाविषयीं मी आज बोलणार आहें, त्यांत एक चमत्कारिक गोष्ट आहे. युद्धकाळांतील एखाद्या विमानाची प्रतिकृति करणारा मनुष्य आठवडेच्या आठवडे खपून ती नीटनेटकी व तुळतुळीत तयार करतो. आणि ती पुरी झाली, कीं स्वतःच्याच हातानें ती मळवावयास बसतो. पंखांच्या मुळाशीं रंग उडवितो, धुराड्यांमागें काजळी धरवितो, पोटाखालीं तेलाचे ओघळ काढतो, चाकांना चिखल लावतो. घरांतील वडील मंडळी साहजिकच विचारतात, "एवढें सुरेख केलेंस, आणि आतां खराब कां करतोस?" हा प्रश्न अगदीं योग्य आहे, आणि त्याचें उत्तर देणें हाच या भाषणाचा हेतु आहे.

या क्रियेस इंग्रजींत 'वेदरिंग' म्हणतात. मी तिला 'ऊनपाऊस देणें' असें म्हणतों. आपण लोणच्याला मुरूं देतों, नव्या भिंतीला पाणी देतों, तसा नव्या प्रतिकृतीला ऊनपाऊस द्यावयाचा. मात्र खरें विमान उन्हापावसांत आपोआप जुनें होतें, आणि प्रतिकृति कपाटांत राहते. म्हणून तिच्यावरची प्रत्येक खूण आपल्याला विचारपूर्वक लावावी लागते. विचार न करतां लावलेली खूण म्हणजे नुसती घाण.

प्रथम प्रमाण पाहूं. या छंदांत सर्वांत रूढ झालेलें प्रमाण एकास बहात्तर हें आहे. म्हणजे मूळ विमानाचे बहात्तर इंच तो प्रतिकृतीचा एक इंच. हा आंकडा दिसतो तितका विचित्र नाहीं. सहा फुटांचे इंच बहात्तर होतात. तेव्हां सहा फूट उंचीचा वैमानिक या प्रमाणांत बरोबर एक इंचाचा होतो. इंग्लंडांत १९३० नंतरच्या दशकांत 'स्कायबर्ड्स' नांवाचे लांकडी संच या प्रमाणांत निघाले, आणि १९३६ सालीं 'फ्रॉग पेंग्विन' या नांवानें प्लॅस्टिकचे संच आले, तेहि याच प्रमाणाचे. पुढें महायुद्ध पेटलें आणि हा खेळ एकाएकीं गंभीर झाला. आकाशांत दिसणारें विमान आपलें कीं शत्रूचें, हें क्षणार्धांत ओळखतां येणें हा जीवनमरणाचा प्रश्न होता. १९४२ सालीं अमेरिकेच्या नौदलानें देशांतील शाळांना आवाहन केलें, कीं पन्नास जातींच्या विमानांच्या प्रत्येकीं दहा हजार, अशा पांच लाख प्रतिकृति मुलांनीं लांकडांतून कोरून द्याव्यात. त्या काळ्या रंगानें रंगवीत, कारण आकाशांतील विमान आपल्याला काळ्या आकृतीसारखेंच दिसतें. पस्तीस फुटांवर धरलेली अशी प्रतिकृति म्हणजे पस्तीस गुणिले बहात्तर, सुमारे अडीच हजार फुटांवरचें खरें विमान. त्रैराशिकाचा याहून चांगला पाठ वर्गांत क्वचितच मिळेल.

आतां साहित्य. आज बहुतेक लोक प्लॅस्टिकचे तयार संच आणतात. वरोऱ्यासारख्या गांवीं ते दुकानांत मिळत नाहींत. टपालानें मागवावे लागतात. संचांतील भाग सांच्यांतून ओतलेले असतात, आणि त्यांचा डिंक चिकटवीत नाहीं तर दोन्ही कडा किंचित् विरघळवून त्यांचा सांधा एकजीव करतो. म्हणून तो कमींत कमी लावावा. परंतु लांकडांतून प्रतिकृति कोरण्याची जुनी रीत मला अद्यापहि मोलाची वाटते, आणि त्या बाबतींत आपला चांदा-वरोऱ्याचा मुलूख भाग्यवान आहे. आपल्या सागाची कीर्ति मोठी; पण या कामाला साग उपयोगी नाहीं. त्याचीं छिद्रें व रेषा ठळक असतात, आणि लांकडाची रेषा कांहीं बहात्तर पटींनीं लहान होत नाहीं! हळदूचें लांकूड मात्र बारीक व एकसारख्या पोताचें असतें. त्यावर पातळ कडा टिकतात. शिवणीचें लांकूड हलकें असून फारसें वांकत नाहीं. सावर फार हलकी, पण तिचे तंतू लवकर उठतात. तिला अस्तराचे तीन-चार हात द्यावे लागतात. सावंतवाडीचे खेळणीवाले पांगारा वापरीत आले, त्यामागेंहि हलकेपणाचेंच कारण आहे.

नुसत्या सामान्य नियमांनीं विषय कळत नाहीं. म्हणून एकच विमान डोळ्यांपुढें ठेवूं. मी हरिकेन निवडतों, आणि त्यांतहि भारतीय वायुदलाच्या पहिल्या पथकाचें, इंफाळ येथील, १९४४ सालचें हरिकेन. हें पथक १ एप्रिल १९३३ रोजीं कराचीस स्थापन झालें. फेब्रुवारी १९४४ मध्यें तें इंफाळच्या खोऱ्यांत गेलें. त्याचे प्रमुख अर्जनसिंग हे त्या वेळीं अवघे पंचविशीच्या आंत होते; पुढें ते वायुदलाचे सरसेनापति झाले, आणि २००२ सालीं त्यांना 'मार्शल' ही सर्वोच्च पदवी मिळाली. मार्च १९४४ च्या अखेरीस जपानी फौजेनें कोहिमा-इंफाळ रस्ता तोडला. तो २२ जून रोजीं पुन्हां मोकळा झाला. मधल्या जवळजवळ तीन महिन्यांत त्या खोऱ्याचा जगाशीं संबंध मुख्यतः आकाशांतून होता. या पथकाचें काम डोंगर-जंगलांवरून खालून उडत शत्रूचा माग काढणें आणि जरूर तेथें मारा करणें, हें होतें. अर्जनसिंगांना त्याच वर्षीं तेथेंच 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' हें पदक माउंटबॅटन यांनीं स्वहस्तें लावलें.

हरिकेनचा पंखविस्तार चाळीस फूट. म्हणजे प्रतिकृतींत पावणेसात इंचांहूनहि थोडा कमी. एका वितींत सारें विमान मावतें. त्याची रचना समजून घेणें अत्यावश्यक आहे. सांगाडा पोलादी नळ्यांचा. पुढील भाग, वैमानिकाच्या बैठकीपर्यंत, धातूच्या पत्र्यानें झांकलेला. पंखहि पत्र्याचे. पण बैठकीच्या मागचें अर्धें धड लांकडी पट्ट्यांवर ताणून बसविलेल्या कापडाचें, व त्यावर रोगण. हें ज्यानें लक्षांत घेतलें, त्याची अर्धी परीक्षा उत्तीर्ण झाली. कारण पत्र्यावरचा रंग उडाला तर चकचकीत धातु दिसतो, पण कापडावरचा रंग उडाला तर खालीं धातु येणार कोठून? तरीहि हरिकेनच्या शेपटीजवळ रुपेरी ठिपके दिलेल्या प्रतिकृति पुष्कळ दिसतात. ज्यानें ते दिले त्यानें विमान पाहिलें नाहीं, दुसऱ्याची प्रतिकृति पाहिली.

बांधणीचा क्रम थोडक्यांत सांगतों. आधीं वैमानिकाची बैठक रंगवून आंत बसवावी, कारण धड मिटल्यावर तेथें कुंचला पोंचत नाहीं. मग धड, पंख, शेपूट जोडावीं आणि सांधे बारीक पॉलिश-कागदानें पाण्यांत घांसून नाहींसे करावे. त्यावर अस्तराचा पातळ हात द्यावा. अस्तरामुळें राहिलेले दोष उघडे पडतात. मग रंग. त्या आघाडीवरील हरिकेनला वरून गडद हिरव्या व मातकट तपकिरी रंगाचे पट्टे आणि खालून करडा रंग असे. त्यावर चकाकणारें वार्निश, त्यावर चिन्हें, आणि शेवटीं चकाकी मारणारें वार्निश. चकाकी आधीं कां आणावयाची व नंतर कां घालवावयाची? चिन्हांचा पातळ पापुद्रा खरखरीत पृष्ठावर नीट बसत नाहीं, त्याखालीं हवा राहून तो पांढुरका दिसतो, म्हणून.

चिन्हांतहि इतिहास असतो. ब्रिटिश विमानांवर निळें, पांढरें व मध्यभागीं तांबडें असें वर्तुळ असे. जपानी विमानांचें चिन्ह तांबडा सूर्यगोल. घाईंत, ढगांच्या फटींतून, तांबडा ठिपका दिसतांच आपल्याच तोफा आपल्याच विमानावर चालण्याचा धोका होता. म्हणून भारत व ब्रह्मदेशाच्या आघाडीवर १९४२ नंतर चिन्हांतील तांबडा रंग काढून टाकला गेला, आणि निळ्या व फिक्या निळ्या रंगांचीं लहान वर्तुळें आलीं. पंखांवरचे व शेपटीवरचे रुंद पांढरे पट्टे मात्र १९४५ च्या प्रारंभास आले. तेव्हां इंफाळच्या वेढ्यांतील हरिकेनवर ते पट्टे काढणें म्हणजे पानिपतच्या लढाईंत आगगाडी आणण्यासारखें आहे. स्वातंत्र्यानंतर कांहीं काळ अशोकचक्र आणि १९५० पासून केशरी, पांढरें व हिरवें वर्तुळ, असा हा क्रम पुढें चालला.

आतां मुख्य विषयाकडे येऊं. विमान मळतें तें पांच कारणांनीं : ऊन, धूर, धूळ, तेल आणि माणूस. एकेक कारण निराळें घेतलें म्हणजे हात आपोआप शहाणा होतो.

ऊन सर्व रंगांना सारखें फिकें करीत नाहीं. वरचा पृष्ठभाग अधिक विटतो, पोट कमी. कापडावरचा आणि पत्र्यावरचा रंगहि भिन्न रीतीनें विटतो. यासाठीं मूळ रंगांत किंचित् पांढरा किंवा पिवळसर रंग मिसळून, तो फार पातळ करून, प्रत्येक पत्र्याच्या मध्यभागीं धुक्यासारखा एक हात द्यावा. कडा मूळ रंगाच्याच राहूं द्याव्या. येथें आणखी एक तत्त्व ध्यानांत ठेवावें. आपण प्रतिकृति एक फुटावरून पाहतों, म्हणजे खरें विमान बहात्तर फुटांवरून पाहतों. तेवढ्या अंतरावर हवेमुळें रंग थोडा फिकाच दिसतो. म्हणून डब्यांतील अगदीं मूळ रंग प्रतिकृतीवर जास्त गडद वाटतो.

धूर दोन ठिकाणांहून येतो. हरिकेनच्या मर्लिन यंत्रास बारा नळकांडीं. सहा या बाजूस, सहा त्या बाजूस. त्यांचा धूर धुराड्यांतून निघून धडाच्या कडेनें, पंखांच्या मुळावरून मागें जातो. हा डाग केवळ काळा नसतो. इंधन जास्त व हवा कमी असली तर काजळी धरते. पण लांबच्या उड्डाणांत, बेतानें इंधन जळतांना, पेट्रोलमधील शिशामुळें करडा-भुरा थर बसतो. म्हणून आधीं तपकिरी-काळी छटा देऊन मग तिच्या मध्यभागीं राखी रंगाची बारीक रेघ द्यावी. दुसरा धूर तोफांचा. या जातीच्या हरिकेनला वीस मिलिमीटरच्या चार तोफा असत. त्यांचा व काडतुसांचा माग पंखाखालीं उमटे. उलट मशीनगनांच्या विमानांत गनांच्या तोंडांवर कापडाची चकती चिकटवीत, म्हणजे आंत ओल व धूळ जात नसे. पहिली गोळी ती चकती फाडून जाई. एखाद्या प्रतिकृतीवर चकत्या शाबूत आहेत आणि मागें धुराचे पट्टेहि आहेत, असें दिसलें तर करणाराला एवढेंच विचारावें, कीं गोळी गेली कोठून?

धुळीचा प्रश्न स्थळाचा आहे. इंफाळच्या खोऱ्यांत सहा विमानतळ होते. त्यांतील इंफाळ व पालेल हे पावसाळ्यांतहि चालणारे, बाकीचे कोरड्या हवेचे. तेव्हां मार्चमध्यें धूळ आणि जूनमध्यें चिखल, हें कॅलेंडर प्रतिकृतीलाहि लागू आहे. आपल्या शेतांतील काळी माती चाळून तिच्यावर टाकूं नये. वरोऱ्याची माती वरोऱ्यासच शोभते. शाळेंतील रंगीत खडू या कामी फार उपयोगी पडतात. तपकिरी, पांढरा व थोडा काळा खडू पॉलिश-कागदावर घांसून भुकटी करावी आणि मऊ कुंचल्यानें चाकांवर, चाकांच्या खोबणींत, पोटावर व पंखांच्या मागील कडेस टेकवावी. पंख्याचा वारा धूळ मागें व खालीं फेकतो. कांचेच्या टोपणावर ती क्वचितच राहते, कारण ती कांच रोज पुसली जाई. वैमानिकाचा जीव त्या कांचेंतून दिसणाऱ्या ठिपक्यावर अवलंबून असे.

तेलाच्या बाबतींत दिशा महत्त्वाची. उड्डाणांत गळलेलें तेल वाऱ्याबरोबर सरळ मागें जातें. उभ्या विमानांतून गळलेलें तेल सरळ खालीं येतें. पावसाचे ओघळहि धडाच्या कडेवरून खालींच येतात. एकाच बाजूवर दोन्ही दिशांच्या रेघा असतील, तर त्यांचें कारण वेगळें असलें पाहिजे. यासाठीं कॅमलच्या तैलरंगाची 'बर्न्ट अंबर' ही एक लहान नळी वर्षभर पुरते. मोहरीएवढा रंग टर्पेंटाइनमध्यें पातळ करून टोंकदार कुंचल्यानें सांध्यांच्या रेघांत सोडावा. तो आपोआप रेघेंतून धांवतो. अर्ध्या तासानें कोरड्या कुंचल्यानें वाऱ्याच्या दिशेनें पुसावा. खालचा रंग पाण्याचा, म्हणजे ॲक्रिलिक, असला तर हें निर्धास्तपणें करावें. तो तेलाचा असला तर मध्यें वार्निशाचा हात हवाच, नाहीं तर टर्पेंटाइन सर्वच रंग उचलून नेईल. हें काम करतांना खिडक्या उघड्या असाव्यात, जवळ दिवा-उदबत्ती नसावी, आणि लहान मुलांच्या हातीं पातें व टर्पेंटाइन एकट्यानें देऊं नये.

राहिला माणूस. मला स्वतःला सर्वांत बोलक्या वाटतात त्या याच खुणा. वैमानिक हरिकेनवर डाव्या बाजूनें चढे. म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशीं रंग अधिक झिजलेला असावा. तोफांत दारूगोळा भरण्यासाठीं पंखावरचीं झांकणें रोज उघडलीं जात, म्हणून त्यांच्या कडा खरचटलेल्या असाव्यात. यंत्रावरील पत्र्याच्या खिळ्यांभोंवतीं पेंचकसाचे ओरखडे असावेत. या खुणा वैमानिकाच्या नव्हेत. त्या रात्रभर जागून विमान सकाळीं उडण्यास तयार ठेवणाऱ्या कामगारांच्या. पदकें त्यांना फारशीं मिळालीं नाहींत, नांवेंहि फारशीं छापलीं गेलीं नाहींत. पण विमानावर त्यांच्या बुटांची आणि हातांची झीज राहिली. ती दाखविण्यास भांडीं घांसण्याच्या स्पंजाचा लहान तुकडा गडद करड्या रंगांत बुडवून, बहुतेक रंग कागदावर टिपून, मग हलकेच टेकवावा. आणि अगदीं मोजक्या जागीं मऊ शिशाच्या पेन्सिलीनें धातूची चमक आणावी.

मोजक्या, असें मी मुद्दाम म्हणतों. येथें पुन्हां गणित मदतीस येतें. प्रतिकृतीवर तीन मिलिमीटरचा रुपेरी डाग दिला, तर खऱ्या विमानावर तो दोनशें सोळा मिलिमीटरचा, म्हणजे सुमारें साडेआठ इंचांचा झाला. एवढा रंग बुटानें उडत नाहीं. त्याला कुऱ्हाडच पाहिजे. पत्र्यांच्या सांध्याची रेघ तिसरा हिस्सा मिलिमीटर रुंद कोरली, तर खऱ्या विमानांत तेथें सुमारें एक इंचाची फट पडली, आणि तींत बोट जाईल. ज्या विमानाच्या पंखांत बोट जातें, त्यांत बसण्यास कोणता वैमानिक तयार होईल? शिवाय आघाडीवरील लढाऊ विमानाचें आयुष्य फार दीर्घ नसे. पुष्कळ विमानें जुनीं होण्यापूर्वींच नष्ट होत किंवा बदललीं जात. तेव्हां नवीं विमानेंहि युद्धाचा तितकाच खरा भाग आहेत.

जातीजातींच्या विमानांचे आजारहि निराळे. जपानी लष्कराच्या हायाबुसा विमानांवर पुष्कळदां अस्तर न देतां रंग देत, म्हणून तो पापुद्र्यांनीं सुटे. तेथें मोठे रुपेरी चट्टे दाखविणें योग्य. त्यासाठीं रुपेरी रंगावर ओल्या मिठाचे दाणे ठेवावे, ते वाळल्यावर वरून हिरवा रंग द्यावा, आणि मग मीठ घांसून काढावें. मॉस्किटो विमान उलट लांकडाचें. त्याला रुपेरी ठिपका चालत नाहीं. १९४४ च्या पावसाळ्यानंतर हिंदुस्थानांतील कांहीं मॉस्किटो विमानांचे सांधे निकामी होऊन अपघात झाले, आणि तीं विमानें कांहीं काळ जमिनीवर बसवावीं लागलीं. आपल्या हवेंत लांकूड व सरस यांचें काय होतें, हें आपल्या सुतारांना नवें नाहीं.

पहिल्या महायुद्धाचेंहि एक उदाहरण आपल्या जवळचें आहे. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे ब्रिटिश वायुदलाच्या तेविसाव्या पथकांत 'डॉल्फिन' विमान चालवीत. जून १९१८ मध्यें फ्रान्समध्यें ते कामास आले, आणि तेथेंच हँगार्ड येथें त्यांची कबर आहे. त्याच काळांतील हरदितसिंग मलिक हे 'कॅमल' विमान चालवीत. कॅमलचें यंत्र पंख्याबरोबर स्वतःहि गरगर फिरणारें, आणि त्यास वंगण एरंडेल तेलाचें. तें सर्व अंगावर उडे. डॉल्फिनचें यंत्र स्थिर व पाण्यानें थंड होणारें. म्हणून मलिकांच्या विमानाचें पोट तेलकट काढावें; वेलिणकरांच्या विमानाला तो एरंडेलाचा अभिषेक करूं नये. दोन्ही विमानें एकाच युद्धांतलीं, एकाच सैन्यांतलीं, पण डाग निराळे.

पुराव्यासाठीं जुनीं छायाचित्रें हींच मुख्य आधार. दिल्लीस पालम येथील वायुदलाच्या संग्रहालयांत लायसँडर, हरिकेन, स्पिटफायर, टेम्पेस्ट व लिबरेटर हीं विमानें प्रत्यक्ष पाहतां येतात. त्यांची आकृति, बांधणी, उघडणारीं झांकणें तेथें नीट कळतात. रंग मात्र संग्रहालयांत पुन्हां दिलेले असतात, म्हणून झिजेचा पुरावा तेथें शोधूं नये. त्यांतील लिबरेटरची हकीकत तर मोठी विलक्षण आहे. महायुद्ध संपल्यावर कानपूरच्या तळावर हीं प्रचंड बाँबफेकी विमानें मुद्दाम मोडतोड करून टाकून दिलीं होतीं. बंगलोरच्या हिंदुस्थान विमान कारखान्यानें त्यांतलीं चाळिसेक पुन्हां उडतीं केलीं, आणि वायुदलानें तीं १९६८ पर्यंत वापरलीं. अशा विमानावर दोन सैन्यांचे रंग एकाखालीं एक असतात. काश्मीरमध्यें १९४७-४८ सालीं उडालेलीं टेम्पेस्ट व स्पिटफायर विमानेंहि ब्रिटिशांकडूनच आलेलीं. त्या मोहिमेंत श्रीनगरच्या तळाची जबाबदारी सांभाळणारे मुंबईचे हृषीकेश मुळगांवकर यांना महावीरचक्र मिळालें, आणि १९७६ ते १९७८ या काळांत ते वायुदलाचे प्रमुख झाले. मराठी घरांत एखादी प्रतिकृति करावयाची, तर त्या मोहिमेंतील एक टेम्पेस्ट अवश्य करावें.

आतां एका आक्षेपाला उत्तर दिलें पाहिजे, आणि तो आक्षेप मी हलका मानीत नाहीं. मुलांच्या हातीं संहाराचीं यंत्रें कशाला द्यावयाचीं? आमच्या वरोऱ्यांत हा प्रश्न जास्तच टोंचतो. बाबा आमट्यांनीं १९४९ सालीं येथें कार्य आरंभिलें, आणि समाजानें टाकलेल्या माणसांनीं आनंदवन उभें केलें. दुसऱ्या बाजूस शेजारीं भद्रावतीस दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे, आणि अनेक घरांची चूल त्यावर चालते. हीं दोन्ही सत्यें आमच्या मुलांच्या रोजच्या वाटेवर आहेत. तीं झांकून ठेवतां येत नाहींत.

माझें म्हणणें असें, कीं मुलांची दिशाभूल होते ती चकचकीत विमानानें. तें पाहून युद्ध म्हणजे संचलन वाटतें. मळलेलें विमान प्रश्न विचारावयास लावतें : हा डाग कशाचा, येथें कोण उभा होता, हा धूर कोणावर सोडलेल्या गोळ्यांचा? आणि इंफाळच्या हरिकेनच्या बाबतींत हा शेवटचा प्रश्न फार कठीण आहे. कारण जपानी फौजेबरोबर आझाद हिंद सेनेचे सैनिकहि होते. एप्रिल १९४४ मध्यें इंफाळच्या दक्षिणेस मोइरांग येथें त्यांनीं तिरंगा फडकविला. वर विमानांत भारतीय, खालीं जंगलांतहि भारतीय. वरचा परकी राज्याच्या चिन्हाखालीं उडत होता, पण त्याच्या पाठीशीं हिंदुस्थानची सरहद्द होती. खालचा स्वातंत्र्यासाठीं आला होता, पण त्याच्या सोबतीस आक्रमक फौज होती. पावसाळा सुरू झाल्यावर उपासमार व रोगराई यांनीं त्या फौजेची दैना झाली; जपान्यांचेच पन्नास हजारांहून अधिक लोक मृत वा जायबंदी झाले. "मग हें विमान आपलें कीं परक्यांचें?" असें मुलानें विचारलें, तर एका शब्दांत उत्तर देऊं नये. चिन्ह परक्यांचें होतें, माणसें आपलीं होतीं, दोन्हीकडचीं. एवढें सांगून गप्प बसावें, आणि मुलाला विचार करूं द्यावा. पाठ्यपुस्तकांत हीं दोन माणसें बहुधा निराळ्या पानांवर असतात. वीतभर लांकडाचें विमान समोर ठेवलें, कीं तीं एका वेळीं मनांत येतात.

म्हणून माझी सूचना एवढीच आहे. वर्षाकाठीं एकच प्रतिकृति करावी, पण ती कोणत्या पथकाची, कोणत्या स्थळाची व कोणत्या महिन्याची, हें आधीं ठरवावें. तिच्याजवळ एक पुठ्ठ्याचें कार्ड ठेवावें. त्यावर विमानाची जात, स्थळ, काळ व वैमानिक ठाऊक असल्यास त्याचें नांव लिहावें. आणि खालीं, कोणती खूण कोणत्या कारणानें लावली, तें एकेका ओळींत लिहावें. ज्या खुणेपुढें कारण लिहितां येत नाहीं, ती ओल्या कापडानें पुसून टाकावी. घरीं आलेला पाहुणा विमान हातांत घेऊन "हें इतकें मळलेलें कां?" असें विचारील, तेव्हां घरांतल्या मुलानें तें कार्ड न पाहतां उत्तर द्यावें. त्या उत्तराला दहा मिनिटें लागलीं, तर प्रतिकृति चांगली झाली असें समजावें.